सात दिवसांची ओल

गिलाव्याला पडणाऱ्या भेगा तीन प्रकारच्या असतात, असे मिस्त्री कामावर येणाऱ्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. पहिली पाया खचल्याची. ती पायऱ्या उतरल्यासारखी तिरपी जाते. दुसरी सांध्याची, विटांची भिंत आणि काँक्रीटचा खांब जिथे भेटतात, तिथे ती सरळ उभी राहते. या दोहोंचा दोष पायावर, जमिनीवर, फार तर इंजिनिअरवर ढकलता येतो. तिसरी मात्र केसाएवढी बारीक, कोळ्याच्या जाळ्यासारखी सगळीकडे पसरलेली. ती वाळल्याची. तिला मिस्त्रीच जबाबदार, कारण पाणी मारण्यात त्याने कुचराई केलेली असते. पस्तीस वर्षांत मिस्त्रींच्या भिंतीवर तिसऱ्या प्रकारची भेग कोणी दाखवली नव्हती. थंडीतल्या एका सकाळी ती त्यांना दिसली, ती बायकोच्या तळहातावर.

ती ओट्यापाशी उभी होती. चहाचा पेला तिने बोटांनी धरला नव्हता; दोन मनगटांच्या मध्ये दाबून तोंडाशी नेला होता.

“असा काय धरलायस?”

“सकाळची बोटं वाकत नाहीत. तासाभराने सुटतात.”

“दाखव.”

“काय बघायचंय त्यात? पुरळ गेलंय की. खाजही नाही आता.”

मिस्त्रींनी तिला खिडकीपाशी नेले, चष्मा लावला आणि नव्या भिंतीकडे बघावे तसे बाजूने उजेड घेऊन पाहिले. तळहात राखाडी, निस्तेज झाले होते. बोटांच्या पेरांवर आडव्या भेगा होत्या; अंगठ्याच्या बेचक्यातली भेग खोल होती आणि तिच्या तळाशी तांबडी रेघ दिसत होती. बाकी सगळीकडे जाळी.

“दुखतं?”

“मीठ लागलं की कळतं.”

ही सुरुवात दोन महिन्यांपूर्वीची. गावाबाहेर धान्याच्या गोदामाचे काम चालू होते आणि नवे पीक येण्याआधी मालकाला ते पुरे करून हवे होते. मिस्त्री गिलावा चढवीत, ती माल कालवी. कामावर सगळे तिला मिस्त्रीणबाई म्हणत आणि तो केवळ नवऱ्यामुळे मिळालेला मान नव्हता. घमेले भरण्याआधी ती मूठभर माल उचलून दाबी आणि मूठ उघडी. गोळा फुटला तर पाणी कमी, बोटांतून गळाला तर जास्त. गोळा राहिला आणि तळव्यावर नुसता दमटपणा आला, की ती म्हणे, “घ्या.” तो शब्द ऐकल्याशिवाय मिस्त्रींनी कधी थापी उचलली नाही. त्या दिवसांत तिच्या बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ उठले, मग हातांच्या पाठीवर पाण्याचे फोड आले. संध्याकाळी ती हात कपड्यांच्या साबणाने धुई. सिमेंट निघाले नाही तर वाळूने घासी, वर रॉकेलचा बोळा फिरवी. सळईवाल्याने तिला हटकले होते, “बाई, हात आहेत का गंजलेली सळई?” तेव्हा सगळे हसले होते.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दहा दिवसांचे मलम दिले. त्याने पुरळ बसले, फोड सुकले, आणि खाली उरली ती ही अशी कातडी.

“आज पुन्हा दवाखान्यात जाऊ,” मिस्त्री म्हणाले.

“आज पश्चिमेची भिंत आहे ना?”

“भिंत कुठे पळून जात नाही.”

तिने पेला खाली ठेवला. “पाच तारखेच्या आत बरे व्हायला हवेत हो. तेवीस दिवस राहिलेत.”

पाच तारखेला लेक येणार होती. बाळ झाल्यावरची तिची ही पहिली खेप, महिन्याचे बाळ घेऊन ती वीस दिवस राहायला येणार होती आणि फोनवर आईने एकच गोष्ट चारचारदा बजावली होती, “अंघोळ मी घालणार. तू नुसतं टॉवेल घेऊन उभं राहायचं.”

दवाखान्यात गर्दी नव्हती. डॉक्टरीणबाईंनी तिचे हात आपल्या हातांत घेऊन उलटसुलट पाहिले.

“पुरळ उत्तम बसलंय. आता कातडीचा कोरडेपणा आहे. ही कातडी आजारातून उठलेली आहे, तिला जपायला हवं. साबण बंद, रॉकेल बंद, वाळू तर अजिबात नाही. सिमेंटला हात लावायचा नाही. आणि ओलावा टिकवायचा, ओलावा गेला की भेगा पडतात. कोमट पाण्यात पाच मिनिटं हात ठेवायचे, टिपायचे, आणि लगेच…”

मिस्त्री तिच्या मागच्या स्टुलावर बसले होते आणि समोरच्या भिंतीकडे बघत होते. खिडकीच्या खाली, जमिनीपासून दोन फुटांवर ओलीचा एक पट्टा आला होता, रंग फुगला होता. पाइप आतून गळतोय की बाहेरची नाली तुंबलीय? पट्टा आडवा होता, म्हणजे नालीच. हा निष्कर्ष पक्का होईपर्यंत डॉक्टरीणबाई कागदावर काहीतरी लिहून मोकळ्या झाल्या होत्या. मिस्त्रींच्या कानात एक वाक्य तेवढे स्वच्छ राहिले होते: ओलावा टिकवायचा, ओलावा गेला की भेगा पडतात.

हे वाक्य त्यांना कोणी नव्याने शिकवायला नको होते. त्यांचा सगळा धंदा त्यावर उभा होता.

“बाई, त्या भिंतीची बाहेरची नाली साफ करून घ्या,” ते निघताना म्हणाले.

“बघते. तुम्ही यांच्या हातांकडे बघा.”

“ते तुम्ही माझ्यावर सोडा.”

औषधाच्या दुकानात कागदावरची पांढरी जेली त्या दिवशी संपलेली होती. दुकानदार म्हणाला, परवा या. मिस्त्रींना त्याची फारशी रुखरुख वाटली नाही. वर काहीतरी चोपडणे म्हणजे रंगकाम; खरे काम पाण्याचे.

घरी येताच त्यांनी तयारी केली आणि ती त्यांच्या रीतीप्रमाणे चोख केली. नवे गोणपाट घेतले, दोनदा उकळले, उन्हात वाळवले, चार बोटे रुंदीच्या पट्ट्या कापल्या. खडबडीत बाजू आत येऊ नये म्हणून खाली जुन्या धोतराचा तुकडा घातला. दोन्ही हात मनगटापर्यंत गुंडाळले, सुतळीने सैल बांधले आणि तांब्याने पाणी सोडले. ओल टिकावी म्हणून नव्या खांबाला गोणपाट गुंडाळतात, अगदी तसेच. मग पेन्सिल कानावरून काढून ओट्याच्या वरच्या भिंतीवर तारीख लिहिली आणि खाली पहिली उभी रेघ ओढली.

“सात दिवस. दर दोन तासांनी पाणी. मी नसलो तर शेजारणीला सांगून ठेवतो.”

“डॉक्टरीणबाई असंच म्हणाल्या का हो?” तिने गुंडाळलेले हात पुढे धरून विचारले. “मला वाटलं, त्या टिपायचं म्हणाल्या.”

“ओलावा टिकवायचा म्हणाल्या. मी तिथेच होतो ना.”

“हो, होतात,” ती म्हणाली. नवरा कशाला किती दिवस पाणी मारतो, यात तिने आजवर कधी तोंड घातले नव्हते.

ते सात दिवस तिने जवळजवळ बसून काढले. भाकरी थापता येईना, केस बांधता येईनात. शेजारीण तिला घास भरवी आणि हसवी, “काय गं, मुष्टियुद्धाला निघालीस की काय?” थंडीत ओल्या पट्ट्यांनी कोपरापर्यंत काकडून जाई. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली,

“अहो, आतून जळजळतंय.”

मिस्त्रींनी पट्टीवर हात ठेवून पाहिला. “पहिले तीन दिवस उष्णता निघतेच. स्लॅबला हात लावून बघ, दुसऱ्या दिवशी गरम लागतो. ती निघाली की माल धरतो.”

“बरं,” ती म्हणाली.

पाचव्या दिवशी पट्ट्यांना वास येऊ लागला, तेव्हा त्यांनी पट्ट्या बदलल्या. खालची कातडी पांढरी, फुगलेली, सुरकुतलेली होती; भेगा दिसत नव्हत्या. “बुजल्या,” मिस्त्री समाधानाने म्हणाले. सातवी रेघ ओढून त्यांनी सुतळी सोडली आणि ते गोदामावर गेले.

तिकडे त्यांचे स्वतःचे काम बिनसले होते. पश्चिमेच्या भिंतीसाठी त्यांनी स्वतःच माल कालवला. सवयीने बाजूला पाहिले; “घ्या” म्हणणारे कोणी नव्हते. त्यांनी मूठभर माल उचलून दाबला, मूठ उघडली. गोळा होता, पण तळव्याला काही कळेना. पस्तीस वर्षे थापीची मूठ धरून त्यांचा तळवा चामड्याच्या तुकड्यासारखा बधिर झाला होता. त्यांनी आणखी पाणी घातले, मग आणखी सिमेंट, मग अंदाजाने “ठीक आहे” म्हणून थापी उचलली.

दुपारी घरी आले तेव्हा ती खिडकीपाशी हात मांडीवर उताणे ठेवून बसली होती. चार तासांच्या कोरड्या वाऱ्यात फुगलेली कातडी आवळून आली होती आणि जिथे जिथे आवळली तिथे तडकली होती. पेरांपेरांतून रक्त आले होते. अंगठ्याच्या बेचक्यातली भेग पिवळट दिसत होती.

“हात मिटायला गेले,” ती म्हणाली, “आणि फाटले.”

डॉक्टरीणबाईंनी या वेळी मिस्त्रींना समोर बसवले. सगळे ऐकून घेतले: गोणपाट, सुतळी, तांब्या, सात रेघा.

“मिस्त्री, सिमेंट पाणी पितं आणि घट्ट होतं. कातडी पाणी पीत नाही. तिच्यावरून पाणी उडून जाताना कातडीतलं होतं नव्हतं ते तेलही घेऊन जातं. मी काय सांगितलं होतं? पाच मिनिटं पाणी, टिपायचं, आणि तीन मिनिटांच्या आत ओलसर हातावर जेलीचा जाड थर. पाणी आत कोंडायचं. वर साधे सुती हातमोजे. तुम्ही सात दिवस पाणीच दिलंत, झाकण दिलंच नाही.”

“मी… ऐकलं नाही नीट.”

“ऐकलं नाहीत? शेजारीच तर बसला होतात.”

मिस्त्रींची नजर त्या ओलीच्या पट्ट्याकडे गेली आणि त्यांनी ती ताबडतोब खाली घेतली.

“या भेगेत पू झालाय. गोळ्या देते. तो जाईपर्यंत लहान बाळाला हात लावायचा नाही.”

“किती दिवस?” मिस्त्रिणीने विचारले.

“पू जायला तीन-साडेतीन आठवडे लागतील. कातडी पूर्वीसारखी मऊ व्हायला दीड-दोन महिने धरा.”

ती बोटे न वाकवता मनात हिशेब करीत होती, हे मिस्त्रींना दिसत होते. तो हिशेब त्यांनी आधीच केला होता.

मिस्त्रींनी सुती हातमोज्यांसाठी कापड घरीच शोधायचे ठरवले. तिच्या पेटीत जुन्या सुती साड्या असत; त्यातून शिवून घेता आले असते. पेटी उघडली. साड्यांच्या खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत त्यांना रबरी हातमोज्यांचा एक जोड मिळाला. काळे, जाड, कोपरापर्यंतचे. बोटे एकमेकांना चिकटून गेली होती, ओढल्यावर रबर कुसकरले.

ते त्यांना ओळखू यायला वेळ लागला नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी, शाळेच्या इमारतीवर, ती एकदा हे घालून आली होती. सगळे जेवायला बसले असताना मिस्त्री मोठ्याने म्हणाले होते, “हातमोजे घालून नाडी बघणारा वैद्य पाहिलाय का कोणी?” सगळी पंगत हसली होती. तीही हसली होती आणि तिथेच हातमोजे काढून बाजूला ठेवले होते. दुकानात परत केले असतील, असे त्यांनी धरले होते.

हातमोजे हातात घेऊन ते बाहेर आले. ती ओसरीवर होती. तिने पाहिले.

“टाकून द्या ते. सडलेत.”

“ठेवले कशाला होतेस?”

“चांगले होते म्हणून,” ती म्हणाली. “खरं तर मालाचा अंदाज येत नव्हताच त्यातून. तुम्ही बरोबर होतात.”

तिने तसे म्हणायला नको होते, असे मिस्त्रींना फार वाटले.

पाच तारखेला लेक आली. गाडीतून उतरताच तिने आईच्या हातांवरचे पांढरे सुती मोजे पाहिले आणि मग वडिलांकडे पाहिले. मिस्त्रींनी सगळे स्वतःच्या तोंडाने सांगितले, एक गोष्टही न लपवता. लेकीने बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतले.

पहिले आठ दिवस आई टॉवेल घेऊन उभी राहिली. लेक अंघोळ घालताना ती सांगे, “मानेखाली हात घाल. डोळ्यात पाणी नको जाऊ देऊस. कानामागे, कानामागे गं!” नवव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी भेग पाहून मान हलवली: पू गेला होता. त्याच सकाळी तिने मोजे काढले, हात धुतले आणि मांडी घालून बसली.

“दे इकडे.”

बाळ दुपट्यात गुंडाळलेले होते. तिने दुपटे सोडायला हात फिरवला आणि कापडाचा धागा तळहाताच्या कातडीत अडकला. तिने सोडवला, दुसऱ्या बोटात दुसरा अडकला. बाळ तिच्या हातात आले. तिने गालावरून हात फिरवला, आणि बाळ किंचाळले. गालावर बारीकशी तांबडी रेघ उमटली होती.

“आई, थांब. मी घेते.”

“लागलं का गं त्याला?”

“नाही लागलं. पण दे. हात… खरखरीत आहेत ना अजून.”

लेकीने हे जितक्या हळू सांगता येईल तितक्या हळू सांगितले होते. आईने बाळ दिले. मग दाराआड उभ्या असलेल्या मिस्त्रींकडे न पाहता ती उठली आणि मोजे घालून आली.

त्यानंतर तिने एक युक्ती काढली. बाळ झोपले की ती त्याच्या शेजारी कलंडे आणि मनगटाची आतली बाजू, जिथवर सिमेंट कधी पोहोचले नव्हते, ती त्याच्या गालाला लावून पडून राही. चार बोटांची ती जागा होती. ते पाहून मिस्त्री बाहेर निघून जात.

पश्चिमेची भिंत तोवर पुरती वाळली होती. गोदामाचा मालक भिंतीवरून बोट फिरवीत आला.

“मिस्त्री, हे काय? जाळी पडलीय सगळीकडे. हे तुमचंच काम ना?”

सळईवाला पलीकडून म्हणाला, “वारा होता ना मालक त्या दिवशी, कोरडा.”

“वारा नाही,” मिस्त्री म्हणाले. “माझंच काम आहे. खरडून पुन्हा करून देतो.”

घरी मात्र खरडून पुन्हा करता येण्याजोगे काही नव्हते. होती ती फक्त रीत, आणि ती त्यांनी धरली. सकाळ, दुपार, संध्याकाळ, निजताना: कोमट पाणी कोपराने तपासायचे, पाच मिनिटे हात ठेवायचे, घासायचे नाही, टिपायचे, आणि तीन मिनिटांच्या आत जेली. मिस्त्री ती स्वतःच्या बोटांनी लावीत, पेरापेराने, भेगेच्या दिशेने. पहिल्या दिवशी ती संकोचली होती.

“मी लावते की.”

“तुझ्या एका हाताने दुसऱ्याला नीट लागत नाही.”

“दार तरी लोटा. कोणी बघेल.”

“बघू दे.”

विसाव्या दिवशी लेक गेली. निघताना आईच्या मोजे घातलेल्या हातांवर तिने बाळाचे पाऊल टेकवले. “पुढच्या वेळी तूच घाल अंघोळ, आई.”

“पुढच्या वेळी तो रांगत असेल,” आई हसून म्हणाली. “हातात मावायचा नाही.”

गाडी गेल्यावर घर आवरताना दोरीवर एक दुपटे राहिलेले सापडले. तिने ते घडी करून उशाशी ठेवले. मिस्त्रींनी ओट्यावरच्या भिंतीवरच्या सात रेघा पुसायला ओला फडका घेतला, तर ती म्हणाली, “राहू द्या. रंगाच्या वेळी जातील.”

त्यानंतर एकोणतिसाव्या दिवशी सकाळी त्यांनी तिचे हात टिपले आणि डबी उघडली. ती म्हणाली, “थांबा जरा.” उठून ती उशापाशी गेली आणि दुपटे उलगडून मांडीवर पसरले. मग उजवा तळहात त्यावर ठेवला आणि एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सावकाश फिरवला. परत फिरवला. मग डावा.

“अडकत नाही,” ती म्हणाली.

मिस्त्री डबी घेऊन उभे होते. “एकही धागा नाही?”

“एकही नाही. बघा.”

तिने पुन्हा हात फिरवला, या वेळी बोटे थोडी वाकवून, जणू खाली काही गोल, छोटे, ऊबदार असावे. कापडावर तळव्याचा आवाजदेखील होत नव्हता.

“तिला फोन लावू?” मिस्त्रींनी विचारले.

“लावून काय सांगू? हात बरे झाले, बाळाला महिनाभर मागे आण?”

ती हसली नाही, रागावलीही नाही. दुपट्यावरून तिचा हात जात राहिला, येत राहिला. तीन मिनिटे केव्हाच होऊन गेली होती. तिच्या हातांवरचा ओलावा उडून चालला होता, हे मिस्त्रींना उभ्या जागेवरून दिसत होते; पण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी तिला तशी आठवण करून दिली नाही.